इंग्रजीत पैसे मोजताना

‘पे थ्रू द नोज’, ‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’, ‘फुट द बिल’, ‘शेल आउट’, ‘कफ अप’. कोणताही छोटा इंग्रजी-मराठी कोश उघडा. या पाचांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ दिलेला असतो : पुष्कळ पैसे देणे. परीक्षेत जोड्या लावायच्या असतील तर तेवढ्याने भागतं. पण तोच विद्यार्थी पुढे नोकरीला लागतो, परदेशी ग्राहकाला पत्र लिहितो आणि ‘तुमच्या मुक्कामाचा खर्च आम्ही केला’ हे सांगायला ‘वी कफ्ड अप’ लिहून जातो. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं, की यांनी खर्च केला खरा, पण तो करणं यांच्या अगदी जिवावर आलं होतं. वाक्य व्याकरणाने शुद्ध, शब्द कोशातला, आणि तरी पाहुण्याचा अपमान झालेला.

मराठीत ही चूक आपण करत नाही. बहिणीच्या लग्नात भावाने पदरमोड केली असं आपण म्हणतो. भावाला भुर्दंड बसला असं म्हणत नाही, आणि कुणी म्हटलंच तर ते भांडण काढायला. नव्या घरात माणूस पैसे ओततो, वाहतूक पोलिसाकडे दंड भरतो, बँकेचं कर्ज फेडतो, वाण्याची उधारी चुकती करतो, मित्रांसाठी हात सैल सोडतो. कोण देतं, कुणासाठी देतं आणि देताना त्याचं मन कसं असतं, हे सगळं त्या त्या क्रियापदात आलेलं असतं. इंग्रजी वाक्प्रचारही असेच आहेत. प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो वापरू नये, एवढंच या प्रकरणाचं सांगणं आहे. वाटेत काही वाक्प्रचारांच्या जन्मकथाही तपासू, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या त्या कथांपैकी बऱ्याच खोट्या आहेत.

आधी मूळ क्रियापद. यूपीआय २०१६ साली आलं आणि ‘जीपे कर’, ‘फोनपे केलं’ ही वाक्यं भाजीच्या गाडीवरही ऐकू येऊ लागली, तेव्हा ‘पे’ हा शब्द आता आपलाच आहे. इंग्रजीत मात्र त्याच्यामागे काय येतं याला फार महत्त्व आहे. माणसाला आणि बिलाला थेट ‘पे’ करायचं : पे द प्लंबर, पे द बिल, पे द रेंट. ज्या वस्तूच्या बदल्यात पैसे दिले तिच्याआधी ‘फॉर’ हवं : पे फॉर द टिकिट्स, पे फॉर द मील. मराठीत ‘तिकिटाचे पैसे’ आणि ‘बिलाचे पैसे’ यांना सारखाच षष्ठीचा प्रत्यय चालतो, म्हणून आपल्या तोंडून ‘आय पेड द टिकिट’ आणि ‘आय पेड फॉर द बिल’ ही दोन्ही वाक्यं सहज निघतात. दोन्ही चूक. वाक्प्रचारांच्या वाटेला जाण्याआधी ही जागा पक्की करावी. इथे पाय घसरला तर पुढचा अलंकार शोभत नाही.

हा शब्द लॅटिनमधल्या ‘पाकारे’पासून फ्रेंचमार्गे आला. त्याचा अर्थ शांत करणे, समजूत काढणे. शांतता या अर्थाचा ‘पाक्स’ त्याच कुळातला. घेणेकरी दारात उभा आहे आणि त्याचं समाधान करून त्याला परत पाठवायचं आहे, हे चित्र ‘पे’च्या मुळाशी आहे. हे ध्यानात असलं की पैशाचा संबंध नसलेल्या ठिकाणी हा शब्द का येतो तेही कळतं. ‘पे अटेन्शन’, ‘पे अ व्हिजिट’, ‘पे युअर रिस्पेक्ट्स’, ‘पे अ कॉम्प्लिमेंट’ : समोरच्याचं जे काही आपल्याकडे येणं आहे, मग ते लक्ष असो, भेट असो की मान, ते त्याला पोचतं करणं. यांतल्या ‘पे युअर रिस्पेक्ट्स’ला जपून हाताळावं. वडीलधाऱ्यांना भेटून आदर व्यक्त करण्यासाठी तो चालतो, पण अंत्यदर्शनासाठी तो इतका रुळला आहे की संदर्भ स्पष्ट नसेल तर वाचणाऱ्याच्या मनात आधी वाईट शंका येते.

आता हॉटेलातल्या टेबलाकडे जाऊ. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. चार मित्र जेवले, तुम्हाला सगळ्यांचं बिल द्यायचं आहे. ‘इट्स ऑन मी’ किंवा ‘माय ट्रीट’ म्हणा. ‘आज माझ्याकडून’ला याहून जवळचं इंग्रजी नाही. पण काही जण इथे ‘इट्स ऑन द हाउस’ म्हणतात, आणि तिथे अर्थ पार बदलतो. यातलं ‘हाउस’ म्हणजे ते हॉटेल, तो बार. मालकाने स्वतःहून काही फुकट दिलं तर तेवढंच ‘ऑन द हाउस’. म्हणजे हे वाक्य बोलण्याचा अधिकार मालकाचा किंवा त्याच्या माणसाचा. गिऱ्हाइकाने ते म्हटलं तर तो दुसऱ्याच्या गल्ल्यातून उदार होतोय असं होईल.

सगळ्यांनी आपापलं द्यायचं असेल तर ‘गो डच’. आपल्याकडे याला सुरेख जोड आहे : टीटीएमएम, तुझं तू माझं मी. कॉलेजच्या कट्ट्यावरचा हा शब्द इतका रुळला की २०१७ साली त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. इंग्रजांचे डचांशी १६५२ ते १६७४ या काळात समुद्रावरच्या व्यापारासाठी तीन युद्धं झाली आणि त्या वैराच्या काळापासून इंग्रजीत ‘डच’ हे विशेषण लावून टिंगल करणारे कितीतरी शब्दप्रयोग तयार झाले. दारू पिऊन आलेलं अवसान म्हणजे ‘डच करेज’, हा त्यांतलाच एक. ‘डच ट्रीट’ मात्र त्या युद्धांनंतर फार उशिरा, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत दिसते आणि तिच्यावरून ‘गो डच’ आलं. म्हणून ‘युद्धात डच चिक्कू ठरले आणि वाक्प्रचार जन्मला’ असं सरळ सांगणं बरोबर नाही. जुन्या टिंगलीचा साचा तयार होता आणि त्यात नवा शब्द बसला, इतकंच म्हणता येतं. गंमत अशी की आपापले पैसे देण्याची ही रीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावावर खपवतो. तुर्की माणूस तिला जर्मन पद्धत म्हणतो आणि थायलंडमध्ये ती अमेरिकन होते. खुद्द नेदरलँड्समध्ये एबीएन ॲम्रो बँकेने २०१६ मध्ये ‘टिकी’ नावाचं ॲप काढलं. मित्रांकडून त्यांच्या वाट्याचे पैसे मागून घेण्यासाठी ते तिथे सर्रास वापरलं जातं.

वापराच्या दृष्टीने सांगायचं तर ‘गो डच’मध्ये द्वेष उरलेला नाही, पण डच सहकाऱ्यांसमोर तो टाळावा असं माझं मत आहे. ‘लेट्स स्प्लिट द बिल’ हे साधं वाक्य हाताशी असताना कुणाच्या देशाचं नाव चिकटपणाला का जोडावं? दोघांतच वाटून घ्यायचं असेल तर ‘गो हाव्ज’. आणि ऑफिसात कुणाच्या निरोप समारंभासाठी सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे असतील, ज्याला आपण वर्गणी काढणं किंवा काँट्री काढणं म्हणतो, तर ‘चिप इन’. ‘चिप इन’मध्ये वाटा सारखाच असावा असं बंधन नाही, ज्याला जमेल तेवढं त्याने घालायचं. म्हणून वर्गणीसाठी ‘गो डच’ म्हटलं की चुकतं.

‘फुट द बिल’ आणि ‘पिक अप द टॅब’ दोन्हींचा अर्थ खर्च उचलणे. ‘पिक अप द टॅब’ हलकंफुलकं आहे; मोठ्या मनाने बिल आपल्याकडे ओढून घेतलं, अशी त्याची छटा. ‘फुट द बिल’ जड आहे. हिशेबाच्या कागदावर रकमांची बेरीज मांडून ती तळाशी, म्हणजे पानाच्या पायाशी लिहायची, या जुन्या कामाला इंग्रजीत ‘फुट’ म्हणत. बेरीज करणे यावरून एकोणिसाव्या शतकात ती रक्कम चुकती करणे असा अर्थ झाला. आज वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार बहुधा तक्रारीच्या सुरात येतो : पूल कंत्राटदाराच्या चुकीने पडला आणि पुन्हा बांधण्याचा खर्च करदात्यांनी उचलायचा, तिथे ‘टॅक्सपेयर्स विल फुट द बिल’. ज्याने उपभोग घेतला तो वेगळा आणि पैसे देणारा वेगळा, हे त्यात बहुतेक वेळा गृहीत असतं. म्हणून स्वतःच्या चहाचे पैसे दिल्यावर ‘आय फुटेड द बिल’ म्हणणं विचित्र वाटतं. भूतकाळी रूप ‘फुटेड’. ‘फीट द बिल’ असं काही होत नाही, कारण इथे ‘फुट’ हे क्रियापद आहे.

नाइलाजाने पैसे देण्यासाठी इंग्रजीत जोडक्रियापदांचं एक कुटुंबच आहे. ‘शेल आउट’मध्ये शेंग सोलून दाणे काढण्याचं चित्र आहे, रक्कम मोठी असल्याची कुरकुर त्यात आहे, पण सक्ती असेलच असं नाही. महागड्या बुटांवर हौसेने केलेला खर्चही ‘शेल आउट’ होऊ शकतो. ‘फोर्क आउट’ त्याच्या अगदी जवळचं आणि ब्रिटिश लोकांच्या तोंडी अधिक. ‘कफ अप’मध्ये घशात अडकलेलं खोकून बाहेर काढण्याचं चित्र आहे : द्यायचं मनात नव्हतं, कुणीतरी मागे लागलं, शेवटी काढून दिले. दंड, थकबाकी, खंडणी यांना हेच क्रियापद शोभतं. दान, भेट, पाहुणचार यांना मुळीच नाही. ही सगळी बोलण्यातली भाषा आहे हेही लक्षात ठेवावं. लेखापालाच्या अहवालात यांतलं एकही येऊ नये.

आता नाक आणि हातपाय. ‘पे थ्रू द नोज’मध्ये कर्ता माणूस असतो : ‘वी पेड थ्रू द नोज फॉर द टॅक्सी’. ‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’मध्ये कर्ता वस्तू असते : ‘द टॅक्सी कॉस्ट अस ॲन आर्म अँड अ लेग’. अर्थातही बारीक फरक आहे. दुसरा नुसतं महाग पडलं एवढंच सांगतो. पहिल्यात अन्याय्य किंमत मोजल्याची भावना येते. गरज पाहून समोरच्याने लुबाडलं. मध्यरात्री पावसात एकच टॅक्सी उभी आहे आणि चालक तिप्पट भाडं मागतोय, तिथे नाक. सोन्याचा भाव सगळीकडे सारखाच चढा आहे आणि तुम्ही मंगळसूत्र केलंत, तिथे हातपाय चालतील, नाक नाही. पण एका ठिकाणी हातपाय मुळीच चालणार नाहीत. अपघातात पाय गमावलेल्या माणसाच्या उपचारांच्या खर्चाविषयी लिहिताना हा वाक्प्रचार चुकूनही आणू नये. वाक्प्रचार जुना झाला की बोलणाऱ्याला त्यातले शब्द दिसेनासे होतात. ऐकणाऱ्याला ते दिसू शकतात.

नाकाच्या वाक्प्रचाराची लोकप्रिय कथा अशी : नवव्या शतकात डेन लोकांनी आयर्लंडमध्ये नाकपट्टी लावली आणि ती न देणाऱ्यांची नाकं कापली. कथा अंगावर येणारी आहे, पण वाक्प्रचार लेखी सापडतो तो सतराव्या शतकात. मधली आठशे वर्षं तो कुठे होता याचं उत्तर कथा सांगणाऱ्यांकडे नाही. हातपायांची कथाही अशीच. जुने चित्रकार म्हणे माणसाचे हातपाय रंगवायचे जादा पैसे घेत, म्हणून वाक्प्रचार आला. तो तर विसाव्या शतकातल्या अमेरिकेतला आहे, तैलचित्रांचा काळ सरल्यानंतरचा. आपल्याकडचीही एक अशी कथा आहे : ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’मधला ‘डॅम’ म्हणजे आपला दाम, अकबराच्या काळात चाळीस दामांचा एक रुपया होई ते तांब्याचं नाणं. अभिमान वाटावा अशी ही कथा, पण शब्दशास्त्रज्ञांनी ती मान्य केलेली नाही. तो शाप देण्याचा साधा इंग्रजी शब्द आहे. वाक्प्रचार लक्षात राहावा म्हणून वर्गात अशी कथा सांगायला हरकत नाही. ती कथा आहे हे मात्र त्याच वेळी सांगितलं पाहिजे.

खऱ्या इतिहासाला पुरावा असतो, आणि कधीकधी तो कल्पित कथेपेक्षा जास्त रंगतदार निघतो. ‘स्कोअर’ हा शब्द घ्या. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात शेकडो वर्षं हिशेब लाकडी काठ्यांवर ठेवत. हेझलच्या किंवा विलोच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकात त्यांची मापं लिहून ठेवली आहेत : हजार पौंडांची खाच तळहाताएवढी रुंद, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. मोठा तुकडा ज्याने पैसे दिले त्याच्याकडे, धाकटा घेणाऱ्याकडे. दोन्ही तुकडे जुळवले की खाचा जुळल्याच पाहिजेत. लबाडीला जागा नाही. या काठीला ‘टॅली’ म्हणत. आपल्या दुकानांत आणि सीएंच्या कार्यालयांत बेंगळुरूच्या कंपनीचं जे ‘टॅली’ सॉफ्टवेअर वापरतात, आणि ‘दोन्ही बाजू टॅली होत नाहीत’ असं आपण म्हणतो, त्या नावामागे ही काठी आहे.

इंग्लंडच्या खजिन्यात या काठ्या १८२६ पर्यंत टिकून होत्या. पद्धत बंद झाल्यावर जुन्या काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ते हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतले. भट्ट्यांची धुराडी तापून आग भडकली आणि त्या रात्री संसदेची जुनी इमारत जवळजवळ सगळी जळून गेली. टेम्सकाठी आज जी संसद दिसते ती त्यानंतर बांधलेली.

अशी खाच पाडणं म्हणजे ‘स्कोअर’. विसांची खाच वेगळी असे, त्यावरून वीस या संख्येलाही ‘स्कोअर’ म्हणू लागले. आपली कोडी विसांचीच. दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाची उधारी अशीच खाचांनी किंवा खडूच्या रेघांनी मांडत, आणि ती चुकती करणं म्हणजे ‘सेटल द स्कोअर’. पण आज या वाक्प्रचारातून पैसा पूर्ण निघून गेला आहे. ‘आय हॅव कम टु सेटल अ स्कोअर’ म्हणजे मी जुना सूड उगवायला आलोय. दुकानदाराची बाकी द्यायला जाताना हे वाक्य म्हणू नका. ‘सेटल माय अकाउंट’ किंवा ‘सेटल द बिल’ म्हणा. मराठी माणसाला हे पटकन उमजायला हवं, कारण ‘हिशेब चुकता करणे’ला आपल्याकडेही हेच दोन अर्थ आहेत, वाण्याच्या दुकानात एक आणि चित्रपटातल्या खलनायकाच्या तोंडी दुसरा.

‘पे बॅक’ही असाच दुधारी. ‘आय विल पे यू बॅक ऑन मंडे’ : सोमवारी उसने परत करतो. इथे पैशाचा विषय आधी निघालेला हवा. तो निघालेला नसेल आणि तुम्ही नुसतं ‘आय विल पे हिम बॅक’ म्हणालात तर ती धमकी ठरते. आईवडिलांचे पांग फेडण्याविषयी निबंध लिहिताना विद्यार्थी नेमकं हेच लिहितात : ‘आय वॉन्ट टु पे बॅक माय मदर’. भाव निर्मळ, वाक्य भयंकर. तिथे ‘रीपे’ हवं, आणि तेही माणसाला जोडून नको, उपकाराला जोडून : ‘रीपे माय मदर्स काइंडनेस’. खरं तर पांग फेडण्यातला भाव इंग्रजीत पुरता उतरत नाही, पण निदान अर्थ उलटा तरी होत नाही.

रोखीच्या व्यवहारासाठी ब्रिटिश लोक ‘कॅश ऑन द नेल’ म्हणतात. अमेरिकेत त्या जागी ‘कॅश ऑन द बॅरलहेड’ येतं. ‘नेल’चे खिळा आणि नख असे दोन अर्थ, आणि भांडण तिथेच आहे. ब्रिस्टल शहरात कॉर्न स्ट्रीटवर एक्स्चेंजच्या इमारतीसमोर काशाचे चार खांब उभे आहेत. कमरेएवढी उंची, वर गोल सपाट तबकडी, आणि नाणी घरंगळू नयेत म्हणून तिला उठावदार काठ. त्यांना ‘नेल्स’ म्हणतात. व्यापारी या तबकड्यांवर पैसे मोजून सौदा पुरा करत. दोन खांबांवर १६२५ आणि १६३१ ही सालं आहेत. शहरातले वाटाडे अभिमानाने सांगतात की वाक्प्रचार इथेच जन्मला. पण आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातही असा ‘नेल’ आहे, आणि इंग्रजीत हा प्रयोग सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापलेला सापडतो, या दोन तारखांच्या आधी. शिवाय फ्रेंच माणूस चोख पैसे देण्याला ‘नखावर माणिक’ ठेवणं म्हणतो. पेला इतका रिकामा करायचा की उरलेला लाल वाइनचा एकच थेंब नखावर माणकासारखा बसावा. एक पैसाही बाकी न ठेवणं याची ती खूण. त्यामुळे मूळ नखाचं असावं आणि खांबांना नाव त्या वाक्प्रचारावरून पडलं असावं, हाच निष्कर्ष मला पटतो. वापरताना एवढं पाहा की यात वेळ महत्त्वाची आहे. ‘ही ऑलवेज पेज ऑन द नेल’ ही स्तुती आहे, थोडे किंवा जास्त पैसे देण्याशी तिचा संबंध नाही.

रोखीच्या उलट उधारी. ‘ऑन टिक’ म्हणजे उधारीवर. ‘टिकिट’ म्हणजे देणं लिहिलेली चिठ्ठी, तिचं हे आखूड रूप सतराव्या शतकापासून चालत आलं आहे. ‘पुट इट ऑन द स्लेट’ म्हणजे खात्यावर मांडा. हप्त्यांवर वस्तू घेण्याला ब्रिटिश कामगार ‘ऑन द नेव्हर-नेव्हर’ म्हणत, कारण हप्ते कधी संपतच नाहीत. ब्रिटनमधल्या जुन्या पिढीच्या तोंडी हे अजून ऐकू येतात. आजच्या ईएमआयसाठी मात्र साधं ‘पे इन इन्स्टॉलमेंट्स’ पुरे.

कर्ज फेडायला कर्ज काढणं म्हणजे ‘रॉब पीटर टु पे पॉल’. याचीही एक कथा आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचं देऊळ संत पीटरचं, शहरातलं मोठं कॅथेड्रल संत पॉलचं. १५५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा धर्मप्रांत मोडून लंडनला जोडला, त्याच्या जमिनीचं उत्पन्न संत पॉलच्या डागडुजीला गेलं, आणि लोक म्हणू लागले की पीटरला लुटून पॉलला दिलं. घटना खरी आहे. पण वाक्प्रचार जॉन विक्लिफच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीसच दिसतो. पीटर आणि पॉल हे जोडीने घेतले जाणारे संत. दोघांचा सण २९ जून या एकाच दिवशी. गोव्यात त्या दिवशी होड्या जोडून सांगोड काढतात तो याच दोघांचा सण. जोडीतल्या एकाचं काढून दुसऱ्याला देण्यात काही साधत नाही, हा मुद्दा आहे. म्हणून एका क्रेडिट कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डावरून भागवणारा पीटरला लुटतो. जास्त व्याजाचं गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेत हलवणारा लुटत नाही, कारण त्याचा खरंच फायदा होतो. अर्थविषयक लेखांत ही गफलत पुष्कळदा दिसते.

‘पाइपर’चे दोन वाक्प्रचार एकमेकांत मिसळू नयेत. ‘पे द पाइपर’ म्हणजे मजा केली, आता त्याची किंमत मोजा. ‘ही हू पेज द पाइपर कॉल्स द ट्यून’ म्हणजे ज्याचा पैसा त्याचा शब्द. पहिल्यात पैसे देणारा बिचारा आहे, दुसऱ्यात तोच मालक. वर्तमानपत्राचा जाहिरातदार बातमीत ढवळाढवळ करतोय असं लिहायचं असेल तर दुसरा वापरावा लागेल. हॅमेलिनच्या बासरीवाल्याची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक असते, म्हणून पहिला वाक्प्रचार तिथून आला असं पुष्कळांना वाटतं. गावच्या नाचाला वादक आणला तर त्याचे पैसे द्यावे लागतात, एवढा साधा उगम पुरेसा आहे.

एक वाक्प्रचार असा, की त्यात पैसे खर्च करण्याचा उल्लेख असूनही तो खर्चासाठी वापरता येत नाही : ‘स्पेंड अ पेनी’. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या कारागिराने फ्लशची सार्वजनिक स्वच्छतागृहं बसवली. शुल्क एक पेनी. आठ लाखांहून अधिक लोकांनी ते भरलं. पुढे ब्रिटनभर स्वच्छतागृहांच्या दारांना पेनी टाकायची कुलपं आली, आणि ‘मी पेनी खर्चून येते’ हे लघवीला जाण्याचं सभ्य वाक्य झालं. लेखी नोंद विसाव्या शतकातली आहे. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान नाणी आणली, जुनी पेनी गेली, वाक्प्रचार उरला, तोही आता वयस्कर ब्रिटिशांकडे. ‘मी तुझ्यावर एक पैसाही खर्च करणार नाही’ हे सांगायला मराठी माणूस जर ‘आय वोन्ट स्पेंड अ पेनी’ म्हणाला तर बहुतेक ठिकाणी संदर्भावरून कळेल. इंग्लंडमधल्या आजीबाईंसमोर ‘आय वोन्ट पे अ पेनी’ म्हणणं बरं.

शेवटी कागदोपत्री इंग्रजीबद्दल. थकबाकीची आठवण, बिलासोबतचं पत्र, बँकेला अर्ज, न्यायालयीन नोटीस, यांत यांतला एकही वाक्प्रचार नको. तिथे ‘पे’, ‘सेटल’, ‘रीइम्बर्स’, ‘मेक द पेमेंट’ एवढी चार क्रियापदं पुरतात. ‘डू द पेमेंट’ मात्र लिहू नका. ‘पेमेंट’बरोबर ‘मेक’ येतं. वाक्प्रचार गप्पांसाठी, लेखांसाठी, कथेतल्या संवादांसाठी ठेवा. आणि एखादा नवा भेटला तर त्याचा मराठी अर्थ वहीत उतरवून थांबू नका. तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहून घ्या, त्यात पैसे कुणी दिले, कुणासाठी दिले आणि खुशीने दिले की कुरकुरत, हे शेजारी नोंदवा, आणि तशी तीन-चार वाक्यं जमल्यावरच तो स्वतः वापरा.